माझ्यामागे सुरुचीने कोणाचे दार वाजवावे, याबाबत

मी, श्रीमती यमुना श्रीरंग पालशेतकर, वय वर्षे ६९, शाळेच्या कार्यालयातून निवृत्त लेखनिक, राहणार सदनिका क्र. २०४, दुसरा मजला, मनवेलपाडा, विरार (पूर्व), तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. माझ्यावर कोणाचाही दाब नाही, आणि कोणाच्या दाबाखाली येण्याचा माझा स्वभावही नाही, हे इमारतीत कोणीही सांगेल. साखरेचा आजार आहे. तो रक्तात आहे, बुद्धीत नाही.

दिनांक ३ एप्रिल २०१६ रोजी केलेले माझे आधीचे मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. ते फार व्यवस्थित होते. टंकलिखित होते, त्याला तीन परिशिष्टे होती. पण त्यावर विसंबून मी पुढे एक चूक केली, आणि ती अगदी विचार करून केली. ती कलम ५ मध्ये येईल.

वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात मालमत्ता लिहायची असते, मनातलं नाही." मी छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या मजकुराच्या नकला केल्या. हा मजकूर माझा आहे, तेव्हा मनातलेही लिहिणार. ज्यांना फक्त मालमत्ता हवी त्यांनी कलम २ वाचून घरी जावे.

कलम १. माझी माणसे.

माझे पती कै. श्रीरंग २००९ साली वसईच्या बाजारात पडवळ घेता घेता गेले. माणूस सोन्यासारखा, पण प्रत्येक गोष्टीला "बघू पुढच्या महिन्यात" म्हणणारा. त्यांच्यामागे एकाही कागदावर वारसाचे नाव नव्हते. कपाटाची किल्ली कुठे ठेवली तेही मला दीड महिना सापडले नाही. पुढची दोन वर्षे मी या खिडकीतून त्या खिडकीत फिरले, आणि प्रत्येक खिडकीत सुरुची माझा पदर धरून उभी. तेव्हाच मी ठरवले की आता माझ्या घरात अचानक काही घडणार नाही. जे घडायचे त्याची तयारी मी आधी करून ठेवीन, मग ते घडो.

माझी एकुलती मुलगी कु. सुरुची, वय ३८, हिला जन्मतः डाउन सिंड्रोम आहे. ही विसाव्या वर्षापुढे जाणार नाही, बोलणार तर नाहीच, असे तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितले होते. ती बोलते. चाळीसपर्यंत आकडे म्हणते, कपड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा सरळ घालते, आणि कोण खोटे हसतो ते तिला लगेच कळते. ती माझ्यामागे जगणार आहे. जन्मभर मी देवाकडे हेच मागितले आणि जन्मभर मला याचीच भीती वाटली.

माझा भाचा चि. जितेश विनायक नाटेकर, राहणार डोंबिवली. हा शहाणा, शब्दाला पक्का आणि कागदपत्रांत हुशार आहे.

चौथी व्यक्ती श्रीमती सुझान आलोशियस रुमाव, सदनिका क्र. २०३, म्हणजे आमच्या समोरचे दार. मूळची वसईजवळच्या निर्मळ गावची. ती माझी नातेवाईक नाही, जातीची नाही, धर्माची नाही. तरी या मृत्युपत्रात तिचे नाव माझ्या नावापेक्षा जास्त वेळा येणार आहे आणि त्याचा मला आत्तापासूनच राग येतो आहे.

कलम २. मालमत्ता.

सदनिका क्र. २०४ ही सुरुचीला तहहयात राहण्यासाठी. ती हयात असेपर्यंत कोणीही ती विकू नये, गहाण टाकू नये, भाड्याने देऊ नये. इमारत पुनर्विकासाला गेल्यास नव्या इमारतीतही सुरुचीला दुसऱ्याच मजल्यावर आणि समोरासमोरच्या दारांतच जागा द्यावी, असे सोसायटीला वेगळे पत्र दिले आहे. सुरुचीच्या पश्चात सदनिका जितेशची. माझी शिल्लक आणि सुरुचीला लागू होणारे निवृत्तिवेतन तिच्या खर्चाकडे जाईल. तपशील लाल फाइलीत, पहिल्या कप्प्यात आहे. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी जितेशला नेमते. कागद त्याने सांभाळावेत.

दागिने म्हणजे चार बांगड्या आणि एक मोहनमाळ. मोहनमाळ सुरुचीला सणाला घालावी आणि संध्याकाळी काढून ठेवावी. ती माळ गळ्यात घालून झोपते आणि मणी चावते.

कलम ३. तयारीचे सामान.

दाराच्या आतल्या बाजूला खुंटीवर हिरवी पिशवी टांगलेली आहे. तिच्यात तीन बॅटऱ्या, मेणबत्त्या, प्लास्टिकमध्ये बांधलेल्या काडेपेट्या, शिट्टी, दोरी, मीठ-साखरेची पाकिटे, सुरुचीच्या गोळ्या, दोघींचे एकेक जोड कपडे आणि ओळखपत्रांच्या छायांकित प्रती आहेत. न्हाणीघरात झाकणाचे दोन पिंप. माळ्यावर दहा किलो तांदूळ, दर तीन महिन्यांनी बदललेला. हे सर्व सामान मी श्रीमती सुझान रुमाव हिला देते, कारण तिच्या घरात अडीअडचणीला काहीही नसते.

हे उगाच म्हणत नाही. जुलै २०१८ मध्ये पाणी भरले तेव्हा तळमजला कमरेइतका बुडाला आणि दोन दिवस वीज नव्हती. दुपारीच अंधारून आले होते. तळमजल्याची माणसे वर आली. माझ्याकडे सगळे तयार होते. मी एकेका घराला दोन मेणबत्त्या दिल्या आणि वहीत सही घेतली, कारण उरल्यासुरल्या परत आल्या पाहिजेत. सुझानच्या घरात चर्चमधून आणलेली एक अर्धी मेणबत्ती होती. तेवढीच. पण तिचे दार उघडे होते. तसे ते बाराही महिने उघडेच असते.

सगळी माणसे तिच्याकडे जाऊन बसली. माझ्या तांदळाची खिचडी तिच्या घरात शिजली. तिथे गाणी झाली, पत्ते झाले. माझ्या घरात बॅटरीवरचा दिवा लख्ख पेटला होता आणि त्या उजेडात सुरुची भोकाड पसरून रडत होती. शेवटी तीही "सुझामावशी, सुझामावशी" करत समोर गेली आणि गप्प झाली. मी एकटीच दिव्याखाली बसले. बॅटरी चांगली होती, आठ तास चालली.

पाणी ओसरल्यावर जिन्यात जो भेटेल तो म्हणे, "सुझानताईंनी केवढं केलं हो सगळ्यांचं!" मी म्हटले, "तांदूळ माझा होता." त्यावर सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

कलम ४. सुझानबद्दल.

मृत्युपत्र खरे लिहायचे असते म्हणून लिहिते. मला या बाईचा हेवा वाटतो. पंचवीस वर्षे वाटतो आहे. पूर्वी मी त्याला "तिचा निष्काळजीपणा मला बघवत नाही" असे म्हणत असे. आता या वयात नावे बदलून काय करायचे? तो हेवाच आहे आणि तो माझ्या पोटात दुखतो.

तिच्या घरात विम्याचा कागद नाही. गॅस संपला की ती भांडे घेऊन माझ्या दारात येते. नवरा आलोशियस, एसटीचा चालक, गेला तेव्हा भिंतीवर लावायला त्याचा धड फोटो नव्हता. लग्नातल्या घोळक्यातून डोके कापून मोठे करावे लागले. त्याच्या मागे तिने कसलीही धावपळ केली नाही, तरी तिची सगळी कामे झाली. कोणीतरी अर्ज लिहून दिला, कोणीतरी नेऊन दिला. मुलगा ॲलिस्टर बहारीनहून रोज फोन करतो. मुलगी क्रिस्टीना वसईत नर्स आहे, ती आठवड्यातून दोनदा येऊन घर झाडून जाते. मी आयुष्यभर जमवाजमव केली आणि माझ्या दाराची घंटा फक्त मीटर वाचणारा वाजवतो.

तिचा केक प्रत्येक नाताळात खालून करपतो. सुरुचीला करपलेलाच केक आवडतो. मी पुस्तकात बघून, वजन करून, घड्याळ लावून केक केला, तर तो तिने नुसता बोटाने दाबून बघितला.

सुरुचीला आंघोळ मी घालते, तिच्या गोळ्या मी देते, नखे मी कापते, दात घासले का ते तोंडाचा वास घेऊन मी बघते. मी ओरडते, कारण ओरडावे लागते. सुझान तिला हसवते, बस. दिवसाचे तेवीस तास मी राबायचे आणि एका तासात सगळे प्रेम त्या बाईने घेऊन जायचे. याला न्याय म्हणत नाहीत. हे मी देवाच्या दरबारातही विचारणार आहे. तिच्या देवाच्या दरबारात विचारावे लागले तर तिथेही विचारीन.

कलम ५. सराव.

२०१७ पासून मी सुरुचीकडून दर रविवारी अकरा वाजता एक सराव करून घेत आले. शाळेत आगीचा सराव असे, त्यावरून सुचले. मी पलंगावर डोळे मिटून पडायचे. आई हाक मारून उठली नाही की सुरुचीने पुढील गोष्टी करायच्या. एक, गॅसचे बटण बंद. दोन, कपाटातून लाल फाइल काढायची. तीन, फोनवरचे एक नंबरचे बटण दाबायचे, म्हणजे जितेशला फोन जातो. चार, समोरच्या दाराची घंटा वाजवायची.

रविवारचा हा फोन सरावाचा असतो, तेव्हा वाजला की कापून टाकायचा, असे मी जितेशला सांगून ठेवले होते. उगाच त्याचा सुट्टीचा वेळ का घ्या!

ऑगस्ट २०१९ मधल्या एका रविवारी मी अशी मेलेली पडले होते. सुरुचीने गॅस बंद केला, फाइल काढली, फोन लावला, आणि समोर जाऊन घंटा वाजवली. दोन्ही दारे उघडी, त्यामुळे मला स्पष्ट ऐकू आले. ती म्हणाली, "आई मेली. आता मी इकडेच राहणार. केक दे."

सुझान इतकी हसली की तिला खोकला लागला. मग सुरुचीचा हात धरून ती माझ्या पलंगाशी आली आणि म्हणाली, "ऊठ गं यमुनाबाय, तुझी पोरगी वारसा मागायला आलीय." मी डोळे उघडले तर सुरुचीच्या तोंडात केक होता. तिचा चेहरा एवढा आनंदी मी तिच्या वाढदिवसालाही बघितला नव्हता.

मी हसले नाही. मला रात्रभर झोप आली नाही. सोमवारी सकाळी मी सरावाच्या कागदावरची चौथी ओळ खोडली आणि नवी लिहिली: "फाइल मांडीवर घेऊन दाराजवळ खुर्चीत बसायचे. जितेशदादाशिवाय कोणालाही दार उघडायचे नाही."

नंतरची पाच वर्षे, दर रविवारी, मी तिच्याकडून हे घोटून घेतले. मी विचारायची, "कोणालाही म्हणजे? सुझामावशी आली तरी?" ती म्हणायची, "तरी नाही." मग मी तिला क्रीमचे बिस्किट द्यायची. शेजाऱ्यापाजाऱ्यांवर भरवसा ठेवू नये, आपले रक्ताचे माणूस ते आपले, असे मी स्वतःला पटवले होते. खरे कारण वर लिहिले आहेच. आधीच्या मृत्युपत्रात पालक म्हणून जितेश होता, तेव्हा माझ्या सरावाला कागदाचाही आधार मिळाला.

कलम ६. दिनांक २६ नोव्हेंबर २०२४, मंगळवार.

सकाळी मी साखरेवरची गोळी घेतली आणि नाश्ता करायचा राहिला, कारण महापालिकेचे पाणी कमी दाबाने येत होते आणि पिंपे भरायची होती. पाऊणच्या सुमारास मी स्वयंपाकघराच्या दारात कोसळले. पुढचे मला आठवत नाही. जे लिहिते ते सुझानने सांगितले आणि सुरुचीने तीन वेळा तसेच्या तसे सांगितले.

सुरुचीने सराव एकही चूक न करता केला. गॅस बंद. लाल फाइल बाहेर. एक नंबरचे बटण. जितेश कार्यालयात बैठकीत होता. त्याने फोन कापला. तिने परत लावला, त्याने परत कापला. असे चार वेळा. मग ती फाइल मांडीवर घेऊन दाराजवळ खुर्चीत बसली. दाराला मी तीन कड्या बसवून घेतल्या आहेत. तिन्ही लावलेल्या होत्या.

दीड वाजता सुरुची रोज समोर जाऊन सुझानच्या ताटातला माशाचा तुकडा खाऊन येते. मला ते आवडत नाही, पण ती जाते. त्या दिवशी गेली नाही, म्हणून सुझानने घंटा वाजवली.

"सुरू, दार उघड."

"नाही. सराव आहे."

"आज मंगळवार गं. सराव रविवारी असतो ना?"

"आई मेली. खाली झोपून मेली."

"सुरू, बाय माझी, मला आईला बघू दे."

"जितेशदादाला उघडायचं. तो फोन घेत नाही. मी बसले."

"मला उघड, मी सुझामावशी."

"सुझामावशीला तरी नाही." पाच वर्षांचे घोटलेले उत्तर.

सुझानने दार ठोठावले नाही, आरडाओरडा केला नाही. मी असते तर दार फोडायला माणसे बोलावली असती आणि पोरगी भीतीने पलंगाखाली शिरली असती. सुझान जिन्यातल्या फरशीवर बसली आणि दाराच्या फटीशी तोंड नेऊन म्हणाली, "का गं उघडत नाहीस?"

"आई ओरडेल."

"सुरू, मेलेली आई ओरडते का?"

मग एक कडी निघाली. मग दुसरी. तिसरीला तिचा हात पुरत नाही. तिने फाइल खाली ठेवून खुर्ची ओढली, तिच्यावर चढली आणि ती काढली.

सुझानने माझ्या गालाच्या आत साखर चोळली, खालच्या प्लासिड रिक्षावाल्याला हाक मारली, आणि दोघांनी मला उचलून नेले. मी पंचेचाळीस मिनिटांहून जास्त वेळ जमिनीवर होते. आणखी अर्ध्या तासाने आणले असते तर जीव वाचूनही मी कोणाला ओळखले नसते, असे डॉक्टर म्हणाले.

म्हणजे मी जिवंत आहे ती माझ्या तयारीमुळे नव्हे, माझी तयारी मोडल्यामुळे. आणि ती मोडली कोणी, तर सुझानने. दुसऱ्या कोणी मोडली असती तर मला सोसले असते.

कलम ७. जितेशबद्दल.

त्याच्याबद्दल कोणी वाईट बोलू नये. सरावाचा फोन कापायला मीच त्याला शिकवले होते आणि त्याने तो कापला. तो संध्याकाळी दवाखान्यात आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. "आत्या, बैठकीत वाराचं भान नव्हतं, मला वाटलं तुझा सरावच असेल." मी म्हटले, "बरोबर आहे. मीच सांगितलं होतं."

मग तो म्हणाला, "आत्या, एक सांगू? तू चिडू नकोस. उद्या खरंच काही झालं तर आमच्या घरी सुरूचं जमणार नाही. दोघं नोकरीला, मुलांच्या परीक्षा. मी कर्जतकडे एक संस्था बघून ठेवलीय. खूप चांगली आहे. बाग आहे."

मी चिडले नाही. त्याने खरे सांगितले, आणि खरे वेळेवर सांगणारा माणूस दुर्मिळ असतो. पण मला त्या बागेत बाकावर बसलेली सुरुची दिसली. तिला तिथे कोणी दीड वाजता माशाचा तुकडा देणार नाही. ती दाराकडे बघत बसेल आणि दार उघडायचे नाही हे तिला माहीत असेल, कारण मी शिकवले आहे. त्या दिवशी दवाखान्यात मी पहिल्यांदा कसलीही तयारी न करता रडले.

तिसऱ्या दिवशी घरी आले. सुरुची सुझानच्या घरातून बाहेर आली. डोक्यात अबोली, नवा फ्रॉक. मला बघून म्हणाली, "तू परत आलीस?" तिला आनंद झाला होता की नाही ते मला अजून नक्की कळलेले नाही. मग म्हणाली, "आज तिकडे बोंबील आहेत," आणि परत आत गेली. तीन दिवसांनी मेलेल्यातून उठून आलेल्या आईपेक्षा बोंबील मोठे! मी माझ्या घरात जाऊन तिच्या कपड्यांच्या घड्या मोडल्या आणि परत घातल्या.

कलम ८. नेमणूक.

सबब मी असे लिहून ठेवते की माझ्या पश्चात सुरुचीची पालक म्हणून श्रीमती सुझान आलोशियस रुमाव हिची नेमणूक व्हावी. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे तसा अर्ज जितेशने करावा; अर्ज भरून, सह्या करून, तारखेची जागा तेवढी मोकळी ठेवून लाल फाइलीत लावला आहे. माझ्या दाराची जादा किल्ली मी माझ्या मृत्यूची वाट न बघता आजच सुझानला दिली. तिने ती फ्रिजवर टाकली. तिला मी खिळ्याला अडकव म्हणून सांगितले आहे. वरच्या दोन कड्या काढून टाकल्या.

नेमणुकीआधी मी सुझानला एकेचाळीस प्रश्नांची यादी दिली. तिने चष्मा शोधला, तो सापडला नाही, मग म्हणाली, "यमुनाबाय, ती माझ्याकडेच तर असते की. त्यात लिहायचं काय?"

मी म्हटले, "आणि तू माझ्याआधी गेलीस तर?"

"मग क्रिस्टीना आहे."

"क्रिस्टीनाला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात?"

मीच वसईला जाऊन क्रिस्टीनाला विचारले. तिने उभ्या उभ्या संमतिपत्रावर सही केली आणि म्हणाली, "मावशी, मम्मी मला सुरूबद्दल मी शाळेत असल्यापासून सांगतेय. म्हणते, तुला वारशात सुरू मिळणार आहे." म्हणजे त्यांच्या घरात हे कधीच ठरले होते आणि मला कोणी कळवले नव्हते. माझी मुलगी, आणि मलाच शेवटी कळले! सुझाननंतर पालक म्हणून सौ. क्रिस्टीना केविन तुस्कानो.

वकिलांच्या सांगण्यावरून लिहिते की सुरुचीचा धर्म बदलू नये. हे सुझानला वाचून दाखवले तर म्हणाली, "तिला गणपती पण पाहिजे नि नाताळ पण. एक जरी कमी केला तरी मला मारेल." तेव्हा दोन्ही करावे. मोदकाचा साचा वरच्या फळीवर आहे.

सुरुचीलाही विचारले. कायद्याने विचारावे लागते की नाही ते माहीत नाही, पण मला विचारावेसे वाटले. म्हटले, "मी गेल्यावर कोणाकडे राहशील?" ती म्हणाली, "तू कुठे जाणार?" मी वर बोट दाखवले. तिने छताकडे बघितले आणि म्हणाली, "मग मी सुझामावशीकडे. पण तू जेवून जा." हे 'जेवून जा' तिने सुझानकडूनच उचलले आहे. आमच्या घरात असे म्हणायची पद्धत नव्हती.

सुझानसाठी सूचना चौदा पानांत आहेत. त्या ती वाचणार नाही, म्हणून क्रिस्टीनाने मोठ्याने वाचून दाखवाव्यात. त्यातली फक्त एक इथे लिहिते. सुरुचीला थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटीच द्यायची. तिने तोंड वाकडे केले, लाडात आली, गळ्यात पडली, तरी द्यायची. सुझान, इथे हसून भागणार नाही. इथे तुला यमुना व्हावे लागेल. मग बघ ती तुझ्यावर किती प्रेम करते.

कलम ९. किरकोळ.

माझी निवृत्तीची शाल सोसायटीच्या सचिव संपदाताईंना देऊ नये. त्यांनी ती दोनदा मागितली आहे. शिवणयंत्र क्रिस्टीनाला. श्रीरंग यांचे घड्याळ जितेशला. ते पाच मिनिटे पुढे आहे, तसेच राहू द्यावे. ज्यांनी पुराच्या वेळी माझ्या मेणबत्त्या परत केल्या नाहीत त्यांना मी माफ करते, तिसऱ्या मजल्यावरचे सोडून.

कलम १०. मी गेल्यावर.

विधी जितेशने करावेत, फुलपाड्याचे गुरुजी बोलवावेत, लांबण लावू नये. सुरुचीला स्मशानात नेऊ नये, पण घरातून मला नेतील तेव्हा तिला दुसऱ्या खोलीत कोंडूही नये. तिला बघू द्यावे. "आई झोपली" असे कोणीही सांगू नये. आई मेली, असेच सांगावे. तो शब्द तिला येतो.

आता सुझानला एक अट, आणि या पूर्ण मृत्युपत्रात तिला घातलेली खरी अट एवढीच. तो पहिला एक दिवस तिने सुरुचीला हसवू नये. जवळ बसावे, जेवू घालावे, पण हसवू नये. केक देऊ नये. गाणे म्हणू नये. त्या दिवशी तिला माझ्यासाठी रडू द्यावे. पुढचे सगळे दिवस सुझानचे आहेत, मी ते लिहून दिले आहेत आणि परत मागणार नाही. तेवढा एक दिवस मला हवा.

आणि समजा ती रडलीच नाही, तर ते सुझानने कोणाला सांगू नये.

हे मृत्युपत्र मी आज वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमक्ष सही केले. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून सुझानला या वेळेपुरते तिच्या घरी बसवले आहे. सुरुची तिच्यासोबत आहे.

ठिकाण: मनवेलपाडा, विरार (पूर्व)
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२५, रविवार

(सही) यमुना श्रीरंग पालशेतकर

साक्षीदार:
१. (सही) काशीराम धर्मा भोईर, निवृत्त पोस्टमन, सदनिका क्र. १०२
२. (सही) गॅब्रिएल जॉन मच्याडो, शिक्षक, राहणार वसई